मलेरियावर ‘औषध सापडलं’ छापताना एक ओळ वाढवा

मा. संपादक साहेब,
स.न.वि.वि.

पत्र लांबलंय हे मला माहितीये. जागा नसेल तर मधलं कापा, पण शेवटची मागणी तेवढी राहू द्या.

मी नाशिकचाच, राहायला पंचवटीत. आरोग्य खात्यात लॅब टेक्निशियन म्हणून ३१ वर्षं नोकरी केली, त्यातली निम्म्याहून जास्त पेठ-सुरगाण्याच्या पट्ट्यात गेली. काम एकच, रक्ताच्या काचा बघणं. आरोग्यसेवक नाहीतर आशाताई पाड्यावरून तापाच्या पेशंटचं बोट टोचून काच घेऊन यायच्या, मी ती जेएसबी स्टेनमध्ये, म्हणजे जंतू रंगवून दाखवणाऱ्या रंगात, बुडवायची, धुवायची, वाळवायची, वर तेलाचा थेंब टाकून मायक्रोस्कोपखाली लावायची आणि शंभर फील्ड, म्हणजे मायक्रोस्कोपमध्ये एका वेळी दिसणारे काचेचे शंभर तुकडे, बघितल्याशिवाय निगेटिव्ह लिहायचं नाही, हा नियम मी रिटायर होईपर्यंत पाळला. पावसाळ्यात काचांचे ढीग लागायचे, संध्याकाळपर्यंत डोळे लाल व्हायचे. आजही मलेरिया म्हटलं की माझ्या डोळ्यापुढे जंतूची ती लाल खड्याची बारीक निळी अंगठी येते, तांबड्या पेशीच्या आत बसलेली.

आता कशासाठी लिहितोय ते सांगतो. मागच्या पावसाळ्यात आमच्या घरासमोर बिल्डिंगचं काम चालू होतं. तिथे छत्तीसगडचा एक पोरगा होता, गावाला जाऊन नुकताच परत आलेला, त्याला थंडी वाजून ताप भरला. साइटवरच्या मुकादमाच्या मोबाइलवर एका बातमीचं कात्रण फिरत आलं होतं, कुठल्या पेपरचं ते लिहीत नाही, हेडिंग मोठ्या टायपात की मलेरियावर रामबाण औषध सापडलं आणि खाली एका झाडाच्या पाल्याचा फोटो. मुकादम वाईट माणूस नाही हो, त्याने बिचाऱ्याने मनापासून तो पाला शोधून आणला, उकळला आणि पोराला चार दिवस पाजला. दुसऱ्या दिवशी ताप नव्हता म्हणून सगळे खूश. पाचव्या दिवशी पोरगा असंबद्ध बडबडायला लागला तेव्हा मला हाक मारली. रिक्षात घालून हॉस्पिटलला नेलं, तिथल्या लॅबमधल्या मुलीला विनंती करून मी स्वतः काच बघितली, एकेका पेशीत दोन-दोन बारीक अंगठ्या, काही तर पेशीच्या अगदी कडेला चिकटलेल्या. फाल्सिपेरम, मलेरियातला जिवावर बेतणारा प्रकार. डॉक्टरांनी वेळ न घालवता आर्टेसुनेटचं इंजेक्शन चालू केलं आणि पोरगा वाचला. आणखी एक दिवस गेला असता तर काय झालं असतं ते मला लिहवत नाही.

आता बघा, त्याला आजारात ढकललं ते पाल्याच्या बातमीने आणि त्याला वाचवलं ते इंजेक्शनही मुळात पाल्यातूनच आलेलं आहे. आर्टेसुनेट हे आर्टेमिसिनिनपासून बनतं आणि आर्टेमिसिनिन एका झुडपाच्या पानात असतं. मग एक पाला औषध झाला आणि दुसरा नाही, हा फरक कुठे पडला? तो फरक तपासणीत पडला, आणि ती तपासणी काय असते हे लोकांना कुणी सांगतच नाही.

चीनमध्ये १९६७ साली २३ मे या तारखेला मलेरियावर औषध शोधायचं काम सुरू झालं, त्या तारखेवरून त्याला प्रोजेक्ट ५२३ म्हणायचे. तू यूयू नावाच्या बाईंनी जुन्या पोथ्या, गावोगावचे वैद्य असं सगळं धुंडाळून २००० च्या वर नुस्खे गोळा केले, त्यातून साधारण २०० वनस्पतींचे ३८० हून जास्त अर्क काढून उंदरांवर तपासले. एका अर्काने आधी चांगला गुण दिला आणि पुढच्या वेळी नाहीच दिला. अशा वेळी कुणीही ते झाड सोडून दिलं असतं. पण सोळाशे वर्षांपूर्वीच्या एका ग्रंथात त्यांना असं वाचायला मिळालं की मूठभर झुडूप पाण्यात भिजवायचं, पिळायचं आणि तो रस प्यायचा. भिजवायचं म्हणलंय, उकळायचं नाही. तिथे त्यांच्या लक्षात आलं की आपण उष्णतेने औषधच मारतोय. मग कमी तापमानाला उडून जाणाऱ्या ईथरमध्ये अर्क काढला आणि ४ ऑक्टोबर १९७१ ला तो उंदरांमध्ये शंभर टक्के लागू पडला. १९७२ मध्ये आधी त्यांनी आणि सहकाऱ्यांनी स्वतः घेऊन बघितला, मग हैनान बेटावर २१ पेशंटना दिला. नंतर शुद्ध केलेल्या औषधाची गोळी बनवली तर ती गोळीच पोटात नीट विरघळेना, म्हणून परत कॅप्सूल करावी लागली. २०१५ ला नोबेल मिळालं. उंदरातल्या यशापासून नोबेलपर्यंत ४४ वर्षं!

माझी भाची पुण्याला एका लॅबमध्ये हेच काम करते, वनस्पतींचे अर्क मलेरियाच्या जंतूवर तपासायचं. मी मुद्दाम दोन दिवस जाऊन बघून आलो. आयुष्यभर मी जंतू मेलेला, रंगवलेला बघितला, हिच्याकडे तो जिवंत पाळलेला आहे. माणसाच्या रक्तातल्या तांबड्या पेशी, त्यात गुलाबीसर मीडियम, म्हणजे जंतू ज्यात वाढतो ते द्रव, ३७ डिग्री तापमान. जंतूला ऑक्सिजन कमी लागतो म्हणून पूर्वी काचेच्या बंद भांड्यात प्लेटा ठेवून शेजारी मेणबत्ती लावायचे, झाकण घट्ट केलं की ती आतला ऑक्सिजन खाऊन आपोआप विझते, बस, हवा तयार. १९७६ साली ट्रॅगर आणि जेन्सन या दोघांनी ही पद्धत बसवली तेव्हा कुठे जंतू माणसाबाहेर वाढवता यायला लागला. भाची रविवारी पण लॅबला जाते, दिवाळीच्या पाडव्याला पण गेली होती, कारण मीडियम बदललं नाही तर जंतू मरतो. तिची आई वैतागते. मला मात्र तिचा फार अभिमान वाटतो.

तर पाला सावलीत वाळवायचा, भुकटी करायची, अल्कोहोल किंवा दुसऱ्या कशात तरी मुरवायची, गाळायची आणि ते उडवून लावलं की खाली काकवीसारखा काळपट चिकट अर्क राहतो. तो अगदी मायक्रोग्रॅममध्ये मोजून ९६ खणांच्या प्लेटमध्ये उतरत्या डोसने घालायचा. दोन-तीन दिवसांनी त्यात एक रंग घालतात जो डीएनएला धरून चमकतो. आता आपल्या तांबड्या पेशीत केंद्रक नसतं, म्हणजे डीएनए नसतो, त्यामुळे जे काही चमकलं ते जंतूचंच. जिथे चमक कमी तिथे जंतू कमी. माझे शंभर फील्ड इथे एका मशीनने दोन मिनिटांत मोजले, बघून गंमतही वाटली आणि जरा गलबलूनही आलं.

बहुतेक वेळा बातमी नेमकी इथून निघते. अर्काने जंतू मेले! अहो पण फिनेल ओतलं तरी जंतू मरतो. म्हणून शेजारीच दुसरी प्लेट असते, माणसाच्या पेशींची, तिच्यात तोच अर्क घालून आपल्या पेशी किती मरतात ते बघायचं, आणि दोन्हीच्या डोसमध्ये भरपूर अंतर असलं तरच पुढे जायचं. हिरडा, खैर, बाभळीची साल असल्या तुरट गोष्टींतलं टॅनिन तर कशालाही जाऊन चिकटतं आणि प्लेटमध्ये उगाच गुण दाखवतं, म्हणून ते आधी काढून टाकायला लागतं. त्यानंतर अर्काचे तुकडे पाडायचे, कुठल्या तुकड्यात गुण आहे ते शोधायचं, परत तुकडे, परत शोध. भाची म्हणाली, मामा, सहा महिने खपून शेवटी हातात काय आलं तर अर्सोलिक ॲसिड, जे तुळशीत पण असतं आणि जगाला आधीच माहितीये. त्या दिवशी ती जेवली नव्हती.

आणि एवढं करून जे मिळतं ते फक्त काचेत चालणारं. पुढे उंदीर, आणि उंदराचा मलेरिया माणसाच्या मलेरियापेक्षा वेगळा. पुढे पोटात टिकतं का, रक्तात किती पोचतं, यकृत काय करतं त्याचं. चांगशान नावाचं एक चिनी औषधी मूळ आहे, त्यातल्या फेब्रिफ्युजिनने जंतू जोरात मरतो, पण पेशंटला उलट्याच इतक्या होतात की औषध म्हणून ते देता येत नाही. एका मोठ्या कंपनीने जवळजवळ २० लाख रसायनं मलेरियाच्या जंतूवर तपासली आणि त्यातली १३,५३३ लागू पडली म्हणून २०१० मध्ये ती यादी सगळ्यांसाठी खुली केली. साडेतेरा हजार! उद्या प्रत्येकावर ‘औषध सापडलं’ असं हेडिंग द्यायचं म्हटलं तर रोज एक छापलं तरी ३७ वर्षं पुरेल.

आपल्याकडचंच उदाहरण देतो, कारण ते मला फार महत्त्वाचं वाटतं. आयुष-६४ नावाची गोळी आहे, केंद्राच्या आयुर्वेद संशोधन परिषदेने मलेरियासाठीच तयार केलेली. त्यात सातवीणीची साल, कुटकी, काडेचिराईत आणि सागरगोटा. तोच सागरगोटा जो आपल्या आया-बहिणी अंगणात बसून खेळायच्या. ही गोळी आणि मलेरियाची नेहमीची क्लोरोक्विन गोळी समोरासमोर ठेवून व्हायवॅक्स या मलेरियाच्या दुसऱ्या प्रकाराच्या पेशंटवर तपासली, २००० साली ते छापून आलं, २८ दिवसांनी क्लोरोक्विनवाले सगळे बरे आणि आयुष-६४ वाले निम्म्याच्या आसपास. काही जणांना हे सांगितलं की राग येतो, आयुर्वेदाचा अपमान केला म्हणतात. माझं म्हणणं बरोबर उलटं आहे. ज्यांनी आपल्याच गोळीची अशी परीक्षा घेऊ दिली आणि निकाल झाकून ठेवला नाही त्यांचा आपण सत्कार करायला पाहिजे. आणि निम्मे बरे झाले हे पण काही थोडं नाही, त्या चारातलं नेमकं काय काम करतंय हे शोधण्यासारखं आहेच की.

आता माझ्या अनुभवाचं सांगतो, हे पुस्तकात वाचलेलं नाही. पाड्यावर लोक म्हणायचे अमक्या पाल्याने ताप गेला. मी काच घ्यायचो तर काच पॉझिटिव्ह. एकदा नाही, कित्येकदा. हळूहळू माझ्या लक्षात आलं. जुनी माणसं व्हायवॅक्सच्या तापाला तिजारा म्हणतात, म्हणजे आज ताप, उद्या नाही, परवा परत ताप. जंतूची पेशीतली एक फेरीच ४८ तासांची असते, पेशी फुटली की थंडी वाजते, मग एक दिवस शांतता. माणूस पाला कधी पितो? ज्या दिवशी अंगात ताप फणफणतोय त्या दिवशी. मग दुसऱ्या दिवशी ताप नसणारच, पाला प्या नाहीतर नुसतं पाणी प्या! श्रेय पाल्याला जातं. त्यात पुन्हा जी माणसं लहानपणापासून मलेरियाच्या पट्ट्यात वाढली त्यांच्या अंगात थोडी ताकद आलेली असते, ती तशीही तगून जातात आणि तोच पाला बाहेरच्या माणसाला दिला तर तो आडवा होतो. व्हायवॅक्स तर लिव्हरमध्ये झोपून राहतो आणि काही महिन्यांनी परत उठतो, म्हणून प्रायमाक्विन १४ दिवस घ्यायची असते, पण तिसऱ्या दिवशी ताप उतरला की लोक पाकीट खुंटीला अडकवतात. माझ्या हातून किती वेळा तीच तीच माणसं परत पॉझिटिव्ह आली याची गणती नाही.

एवढं असून मी पाल्याच्या विरोधात अजिबात नाही. सुरगाण्याकडे एका पाड्यावर एक म्हातारे भगत बाबा होते, आता नाहीत. ते आपल्या नातवाला स्वतः घेऊन आले माझ्याकडे, म्हणाले भाऊ, माझा पाला दिलाय, ताप उतरलाय, पण तुझ्या काचेत काय दिसतं ते बघ आणि मला पण दाखव. मी त्यांना मायक्रोस्कोपला डोळा लावायला दिला. बराच वेळ बघत राहिले. मग एवढंच म्हणाले की अजून आहे, गोळ्या दे. असा माणूस मी मोठमोठ्या डिग्रीवाल्यांत कमी बघितला. नंतर आमची चांगली ओळख झाली आणि त्यांनी मला सांगितलं की अमुक साल उकळायची नाही, ठेचून रात्रभर गार पाण्यात ठेवायची, आणि ती पण पावसाळा सरल्यावर काढलेली, चैत्रातली चालत नाही. हे ऐकलं तेव्हा मला तू यूयू कोण हे माहीत नव्हतं. २०१५ ला नोबेलच्या वेळी त्यांची गोष्ट वाचली आणि मी खुर्चीतून उठलोच. आयुर्वेदात सुद्धा स्वरस, कल्क, काढा, हिम, फांट असे पाच वेगळे प्रकार उगाच सांगितलेले नाहीत, हिम म्हणजे गार पाण्यात भिजवलेलाच की.

याच बाबांकडे एकदा एका कॉलेजची मुलं-मॅडम आले होते, नाव लिहीत नाही. गोणीभर साल नेली, बाबांबरोबर फोटो काढला, कशी काढायची, कुठल्या महिन्यात, भिजवायची की उकळायची, एक प्रश्न विचारला नाही. पुढे त्याचं काय झालं ते सांगायलाही कुणी आलं नाही. बाबा वाट बघायचे, मला दोनदा विचारलं त्यांनी. ही गोष्ट मला आजही टोचते. आपल्याकडे जैवविविधता कायदा २००२ पासून आहे, त्यात गावाच्या ज्ञानाची नोंदवही करायची आणि फायदा झाला तर त्या लोकांना वाटा द्यायचा असं लिहिलंय. केरळात कानी आदिवासींनी दाखवलेल्या आरोग्यपच्चा झाडापासून जीवनी नावाचं औषध बनलं तेव्हा त्यांना पैशात वाटा मिळाला, म्हणजे करायचं ठरवलं तर होतं.

कुणी म्हणेल नवीन औषधाची गरज काय, आहेत ती चालतायत. चालतायत, पण किती दिवस? पूर्वी कोयनेल म्हणजे क्विनीन होतं, सिंकोनाच्या सालीतलं, इंग्रजांच्या काळात पोस्टात त्याच्या पुड्या मिळायच्या. मग क्लोरोक्विन आलं आणि १९७३ ला आसामात फाल्सिपेरम त्याला दाद देईनासा झाला. आर्टेमिसिनिनला सुद्धा आधी कंबोडियात आणि आता आफ्रिकेतल्या काही देशांत जंतू उशिरा मरायला लागलाय. म्हणूनच ते एकटं न देता दुसऱ्या औषधाच्या जोडीने देतात आणि म्हणूनच त्या झुडपाचा घरगुती चहा पिऊ नका असं जागतिक आरोग्य संघटना सांगते, अर्धवट डोसाने जंतू मरत नाही, शहाणा होतो. आपल्याकडे सिंहस्थाची कामं, सगळ्या राज्यांतले मजूर, उघड्या टाक्या, स्लॅबवर साठवलेलं पाणी. जंतूला यायला रस्ता मोकळा आहे.

तर माझी मागणी. तुमच्या पेपरात आणि सगळ्याच पेपरांत, वनस्पतीच्या औषधाची बातमी छापताना हेडिंगखाली एक ओळ टाका: हे काचेत तपासलंय, उंदरात तपासलंय की माणसात, आणि माणसात तर किती जणांत. बस एवढंच. ती ओळ त्या मुकादमाने वाचली असती तर त्याने पाला उकळला नसता असं मला खात्रीने वाटतं, कारण माणूस समजूतदार आहे, त्याला कुणी सांगितलंच नव्हतं. आणि सोबत हेही छापा की थंडी वाजून ताप आला तर आधी रक्त तपासा, सरकारी दवाखान्यात तपासणी आणि गोळ्या दोन्ही फुकट आहेत.

दुसरी विनंती आपल्या नाशिककरांना. आरोग्य विद्यापीठ आपल्या म्हसरूळला आहे, फार्मसीची कॉलेजं इतकी आहेत, बॉटनी शिकवणारी चांगली माणसं आहेत, अंजनेरी-ब्रह्मगिरीपासून सुरगाण्यापर्यंत जंगल आहे. एकत्र बसून आपल्या जिल्ह्यातल्या तापाच्या पाल्यांची पद्धतशीर तपासणी का होऊ नये? जी झाडं नापास होतील त्यांचे निकाल पण छापा, म्हणजे पुढच्या पोरीचे सहा महिने वाया जाणार नाहीत.

माझ्याकडे एक जुनं रजिस्टर आहे. त्यात २३ पाल्यांची नावं आहेत, कुणी सांगितलं, कुठल्या महिन्यात काढायचं, गार पाण्यात की उकळून, आणि जिथे जमलं तिथे आधीची आणि नंतरची काच काय बोलली ते. जी संस्था हे काम मनावर घेईल तिला मी ते रजिस्टर द्यायला तयार आहे. अट एकच, सांगणाऱ्यांची आणि त्यांच्या पाड्यांची नावं पहिल्या पानावर त्यांना विचारून लिहायची, जे हयात नाहीत त्यांच्या घरच्यांना विचारून, आणि निकाल काहीही येवो, तो पाड्यावर जाऊन सांगायचा. मी बरोबर येईन, रस्ता मला माहितीये.

कळावे,
आपला,
एक निवृत्त लॅब टेक्निशियन
पंचवटी, नाशिक